विरोधात एक

"नाश्त्याचं पाकीट आधीच घेऊन ठेवा. सभा संपेपर्यंत उरत नाहीत."

हे मला उद्देशून होतं. माझ्यामागे रांगेत साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. फिकट निळी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात हजेरीची स्लिप.

"मी नाश्त्यासाठी नाही आलो," मी म्हणालो.

"सगळे तसंच म्हणतात. पहिलीच एजीएम?"

"हो. कसं ओळखलंत?"

"वार्षिक अहवाल लग्नपत्रिकेसारखा धरलाय दोन्ही हातांत."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर महिना, सकाळचे सव्वादहा, पुण्यातलं एक सभागृह आणि अरणी मोटर्स या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा. तेव्हा या सभा ऑनलाइन झाल्या नव्हत्या. भागधारक रांगेत उभे राहून सही करायचे, पाकीट घ्यायचे आणि आत जाऊन बसायचे. बाईंनी स्वतःची ओळख करून दिली. एस्तेर साळवे. अहमदनगरच्या भूमी अभिलेख कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. त्रेसष्ट कंपन्यांचा प्रत्येकी एक शेअर त्यांच्याकडे होता.

"एकच?"

"सभेला बसायला एक पुरतो. तुमचे किती?"

"चाळीस."

"मग तुम्ही मालक माणूस. चला, पुढे सरका."

अरणी मोटर्स विजेवर चालणाऱ्या रिक्षा बनवायची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विजेवरचा मोठा ट्रक जाहीर केला होता. त्याचं नाव गवा. सोळा टन माल आणि एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटर, असा दावा होता. ट्रक दाखवण्याची तारीख दोनदा पुढे गेली आणि प्रत्येक वेळी शेअरचा भाव मात्र वर गेला. लोक अंदाज बांधत होते. ट्रक कधी येणार, कुठली मोठी वाहतूक कंपनी किती घेणार, अध्यक्ष आपला हिस्सा विकतायत का. टेलिग्रामवर 'गवा निघाला' नावाचा अकरा हजार लोकांचा ग्रुप होता आणि त्या ग्रुपमध्ये मी 'मगदूम सर' होतो.

मी तेवीस वर्षांचा होतो. गाव जयसिंगपूर, शिक्षण एमएस्सी फिजिक्स, नोकरी भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत. कारखान्यांची तापमापकं बरोबर तापमान दाखवतात की नाही ते तपासून दाखला द्यायचा, हे माझं काम. 'सर' होण्याचं कारण म्हणजे एक फोटो. कंपनीने गव्याचा बाजूने काढलेला एक फोटो प्रसिद्ध केला होता. त्या मापाच्या टायरचा व्यास एक मीटर चार सेंटीमीटर असतो. ती पट्टी धरून मी चासीला दोन्ही बाजूंनी लावलेल्या बॅटरीच्या पेट्या मोजल्या, त्यांचं घनफळ काढलं, त्यात किती वीज मावेल ते काढलं. तीनशे किलोमीटर जायला पुरेल एवढी जागाच तिथे नव्हती. भरलेला ट्रक फार तर दोनशे जाईल. मी हे गणितासह ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवसांत माझ्या नावापुढे 'सर' लागलं. आवडलं मला ते.

जुलैमध्ये कंपनीच्या संचालक मंडळावरचे एक स्वतंत्र संचालक, डॉ. हेमंत कुंभोजकर, यांनी राजीनामा दिला. कारण दिलं होतं, 'व्यक्तिगत'. ते धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते आणि ऑडिट कमिटीचे अध्यक्ष. त्याच्या आठच दिवस आधी ट्रकच्या बॅटरीचं कंत्राट सोमजा सेल्स या कंपनीला दिल्याचं जाहीर झालं होतं. सोमजा ही अध्यक्ष रणजित पाटणकरांच्या मेव्हण्यांची कंपनी.

ग्रुपने दोन आणि दोन चार केले. खरं सांगायचं तर मी केले. कुंभोजकरांनी मेव्हण्याचं कंत्राट मंजूर केलं, आपला फायदा घेतला आणि ट्रकचं बिंग फुटायच्या आत पळाले, असं मी लिहिलं. शब्द सभ्य होते, पण अर्थ हाच. दुसऱ्या कोणीतरी त्यांचा मिरजेचा पत्ता आणि फोन नंबर शोधून टाकला. सभेच्या आदल्या दिवशी संदेश आला, 'उद्या मगदूम सर सभेत त्याचं नाव घेणार. मग आपण मिरजेला जाऊ, घरात बसू देतो का बघू.' त्याखाली चारशे अंगठे होते.

बोलणाऱ्यांच्या यादीत माझा नंबर सातवा होता. खिशात कागद होता. तीन मिनिटांचं भाषण, घड्याळ लावून मोजलेलं.

रांगेतच साळवेबाईंनी माझं काम आणि बोलण्याचा नंबर विचारून घेतला होता. आत त्या माझ्या शेजारीच बसल्या. पलीकडे एक जाडजूड गृहस्थ आधीच सामोसा खात होते.

"हे पारेखभाई," बाई म्हणाल्या. "पुण्यातल्या प्रत्येक सभेत पाचवा नंबर यांचाच असतो."

"काय साळवेबेन, नवीन पाखरू?" पारेखभाई हसले. "बोलणार का? मोठं बोलू नको हां. चेअरमनना अभिनंदन कर, फॅक्टरी व्हिजिट माग, बस. गेल्या वर्षी नाशिकला नेलेलं एका कंपनीनं. एसी बस, श्रीखंड. एकदम फर्स्ट क्लास."

"मी प्रश्न विचारणार आहे," मी म्हणालो.

"अरे वा. विचार, विचार. पण जेवणाच्या आधी संपव."

व्यासपीठावर संचालक येऊन बसले. पाटणकर मधोमध. उंच, पांढरे केस, बोलताना समोरच्या प्रत्येकाला ओळखत असल्यासारखे. त्यांचं भाषण सुरू झालं तेव्हा साळवेबाईंनी हळूच विचारलं, "काय विचारणार आहात?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, त्या थक्क होतील. त्यांनी चष्मा वर केला, कागद नाकाजवळ धरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून परत दिला.

"ट्रकचं गणित छान आहे. मला सगळं कळलं नाही, पण टायरवरून मोजलंत हे आवडलं."

"आणि दुसरा भाग?"

"तो कुठून मोजलात?"

"म्हणजे?"

"कुंभोजकरांनी कंत्राट मंजूर केलं, असं लिहिलंय. कोणी सांगितलं?"

मी जरा सरसावून बसलो. "सांगायची गरजच नाही. कंत्राट नातेवाइकाच्या कंपनीला आहे. म्हणजे ते मंडळासमोर येणारच. ऑडिट कमिटीचे अध्यक्ष हेच होते. कंत्राट मंजूर झालं. म्हणजे यांनी मंजूर केलं. आणि लगेच राजीनामा."

"तुम्ही बघितलंत?"

"बघायचा प्रश्न नाही. हे अनुमान आहे."

"हो का? तुमच्या त्या प्रयोगशाळेत तापमापक न बघताच दाखला देता?"

पारेखभाई खुसखुसले. माझे कान तापले.

"मंडळाच्या बैठकीत काय झालं ते बाहेरच्या माणसाला कळतच नसतं," मी म्हणालो. "ते इतिवृत्त भागधारकांना दाखवत नाहीत. मी कायदा वाचलाय."

"अर्धा वाचलाय." बाईंनी हात लांब करून व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे हिरवं कापड टाकलेलं एक छोटं टेबल होतं, मागे खुर्चीत एक मुलगी मोबाइल बघत बसली होती आणि टेबलावर तीन-चार जाड बांधीव वह्या होत्या. "त्यांत काय आहे माहितीय?"

"नाही."

"नातेवाइकांशी, ओळखीपाळखीत केलेल्या कंत्राटांची नोंदवही. सभा सुरू असेपर्यंत ती उघडी ठेवावी लागते. कायदाच आहे तसा. कोणीही भागधारक जाऊन वाचू शकतो. एक शेअरवालाही."

"आणि लोक वाचतात?"

"सोळा वर्षं सभांना जातेय. त्या टेबलापाशी अजून मला कोणाच्या मागे उभं राहावं लागलेलं नाही."

"काय लिहिलंय त्यात?"

"मला काय माहीत? मी जेवणानंतर वाचते. आधी वाचलं की भाषणं ऐकवत नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे वेळ आहे. सातवा नंबर आहे ना?"

मला जायचं नव्हतं. आज ते लिहायला सोपं आहे. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की तर्क पक्का आहे, वही बघून फक्त वेळ जाईल. खरं कारण वेगळं होतं. खिशातला फोन सारखा थरथरत होता, अकरा हजार माणसं वाट बघत होती, आणि भाषण इतकं चांगलं झालं होतं की त्यातलं एक वाक्यही काढायची माझी तयारी नव्हती.

"एखाद्याचं नाव घेऊन माइकवर बोललेलं परत गिळता येत नाही हो," बाई म्हणाल्या. एवढंच. आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्यायल्या.

पहिला वक्ता उठला. मीही उठलो.

टेबलामागची मुलगी गडबडली. "हे बघायचंय? एक मिनिट हं. मी सरांना विचारून येते."

"विचारायचं नसतं, बाळ." साळवेबाई माझ्या मागोमाग कधी आल्या मला कळलं नव्हतं. "म्हणून तर इथे ठेवलीय. तू बस. फक्त कोणती ते दाखव."

मुलीने सर्वांत खालची वही काढून दिली. आडवी, मोठ्या पानांची, इंग्रजी रकाने छापलेली. तारीख. कोणाशी कंत्राट. कोणत्या संचालकाचा हितसंबंध. अटी. मंडळापुढे आल्याची तारीख. आणि त्यापुढे चार अरुंद रकाने, ज्यांची मला कल्पनाच नव्हती. हजर किती. बाजूने कोण. विरोधात कोण. तटस्थ कोण.

माइकवर दुसरा वक्ता कंपनीच्या कॅलेंडरबद्दल तक्रार करत होता. मी बोट ठेवून ओळी वाचत खाली आलो. शेवटून तिसरी ओळ सोमजा सेल्सची होती.

हजर सहा. बाजूने चार, चार नावं. तटस्थ एक, रणजित पाटणकर. विरोधात एक.

डॉ. हे. र. कुंभोजकर.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग पट्टीने मोजावी तशी एकेक घर ओलांडत तिसऱ्यांदा वाचली. कंत्राट मंजूर झालं होतं. कुंभोजकरांनी ते मंजूर केलं नव्हतं. या दोन वाक्यांमध्ये फरक असू शकतो हे दोन वर्षं सांख्यिकी शिकलेल्या मला एकदाही सुचलं नव्हतं.

साळवेबाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"अरे देवा," त्या पुटपुटल्या. "एकटाच होता की."

"आता मी काय करू?"

"मला काय विचारता? तीन मिनिटं तुमची आहेत."

त्यांनी पिशवीतून पेन काढून टेबलावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसल्या. मी भाषणाचा कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर ती ओळ उतरवली, तारखेसकट. माइकवर पारेखभाई अध्यक्षांच्या दूरदृष्टीचं कौतुक करत होते आणि फॅक्टरी व्हिजिट मागत होते. गव्याचं दर्शन व्हावं, म्हणाले, आणि दर्शनाआधी नाश्ताही बरा असावा, ढोकळा यंदा कोरडा होता. सभागृह हसलं. पाटणकरही हसले.

मग माझं नाव पुकारलं.

माइक माझ्या उंचीपेक्षा खाली होता. मी तो वर केला नाही, वाकूनच बोललो. "मी सन्मती मगदूम. चाळीस शेअर. माझा एकच प्रश्न आहे." आणि मी कागद वाचला. तारीख. सोमजा सेल्स. अध्यक्षांच्या मेव्हण्यांची कंपनी. हजर सहा, बाजूने चार, तटस्थ एक, विरोधात एक. "विरोध करणाऱ्या संचालकांचं नाव डॉ. कुंभोजकर आहे. त्यांनी आठ दिवसांनी राजीनामा दिला. त्यांनी विरोध का केला होता, ते सभेला सांगाल का?"

पाटणकरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. "ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली?"

"त्या टेबलावरून, साहेब."

सगळ्या माना डावीकडे वळल्या. ती मुलगी वही दोन्ही हातांनी धरून उभी राहिली होती.

"हा मंडळाच्या अंतर्गत चर्चेचा विषय आहे," पाटणकर म्हणाले. "पुढचे वक्ते."

मी माइकपाशीच उभा राहिलो. धैर्य वगैरे काही नव्हतं, जागेवर परत जायचं सुचलंच नाही. तेवढ्यात मागून एक जाड आवाज आला.

"साहेब, पोराला जवाब द्या ना."

पारेखभाई उभे राहिले होते. "तीस वरस सभांना येतो मी. कधी काही मागितलं? व्हिजिट मागितली, तेवढंच. यंदा व्हिजिट नको. जवाब द्या."

कोणीतरी टाळी वाजवली. मग बरेच जण बोलू लागले. कंपनी सेक्रेटरी उठून पाटणकरांच्या कानाशी लागल्या. मिनिटभराने पाटणकर बोलले, यावेळी खाली कागदाकडे बघत. डॉ. कुंभोजकरांचं म्हणणं असं होतं की सोमजाच्या बॅटऱ्या पूर्ण भाराच्या ट्रकवर, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्याव्यात आणि मगच कंत्राट द्यावं. मंडळाला वाटलं की त्यात उशीर होईल.

"मग तपासल्या का?" मी विचारलं.

"तपासून घेऊ. निकाल शेअर बाजाराला कळवू." त्यांनी पाण्याचा पेला उचलला. "धन्यवाद, मिस्टर मगदूम."

बाहेर येऊन व्हरांड्यातच मी ग्रुपवर लिहिलं. नोंदवहीतली ओळ जशीच्या तशी, आणि खाली, 'डॉ. कुंभोजकरांबद्दल मी लिहिलेलं सगळं चूक होतं. मी न बघता लिहिलं. त्यांचा पत्ता आणि नंबर काढून टाका.' पहिला प्रतिसाद होता, 'किती घेतले, सर?' दुसरा त्याहून वाईट. पण ग्रुप चालवणाऱ्याने दुपारपर्यंत पत्ता आणि नंबर काढला, आणि मिरजेला कोणी गेलं नाही.

साळवेबाई पायऱ्यांवर बसून पाकिटातली वडी खात होत्या. मी त्यांच्याजवळ बसलो.

"बाई, तुम्ही नसतात तर..."

"तर वही तिथेच होती," त्या म्हणाल्या. "वडी खा. खरंच बरी आहे."

महिन्याने कंपनीने शेअर बाजाराला पत्र दिलं. भरलेल्या ट्रकला एका चार्जिंगमध्ये एकशे नव्वद किलोमीटर. सोमजाचं कंत्राट रद्द, ट्रक एक वर्ष पुढे. माझा अंदाज दहा किलोमीटरने चुकला होता. त्याचा आनंद झालाच नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण मला वाटला होता तेवढा झाला नाही. शेअर पडला. माझे चाळीसही त्यात होते. ग्रुपवर मला 'सर' म्हणणारं कोणी उरलं नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा एका सकाळी मिरजेला गेलो. जयसिंगपूरहून अर्ध्या तासाचा रस्ता. पत्ता मला पाठ होता, आणि तो का पाठ आहे याची लाज वाटत होती. बैठं घर, अंगणात पेरूचं झाड. सडपातळ, टक्कल पडलेले एक गृहस्थ कठड्यावर ओले कपडे वाळत घालत होते.

"मी सन्मती मगदूम," मी फाटकातूनच म्हणालो. "अरणीच्या सभेत..."

"अरे! या, या." त्यांनी हात पंच्याला पुसले. "सेक्रेटरीबाईंनी फोन करून सांगितलं होतं मला. त्या वहीतली ओळ कोणीतरी वाचली म्हणून. मला खरं वाटेना."

"सर, मला आधी एक सांगायचंय."

उभ्या उभ्या सांगितलं. खिशातलं मूळ भाषण, ग्रुपवर लिहिलेलं, पत्ता, नंबर, साळवेबाई. एकही गोष्ट गाळली नाही. माझं संपल्यावर त्यांनी हातातला टॉवेल झटकून कठड्यावर टाकला.

"कारण लिहून का नाही दिलंत, सर? राजीनाम्यात?" मी विचारलं. "व्यक्तिगत म्हणालात."

"व्यक्तिगत होतंच. विरोध तर मी नोंदवला होता, तो नोंदवून मंडळावर राहिलोही असतो. पण त्याच आठवड्यात हिला पॅरालिसिसचा झटका आला." त्यांनी मान मागे वळवली. दाराच्या आत, खिडकीजवळच्या पलंगावर एक बाई उशांना टेकून बसल्या होत्या. एक हात पांघरुणाखाली होता. "पुण्याला येणं जमणार नव्हतं. म्हणून सोडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या."

मी त्या पलंगाकडे पाहत राहिलो. चारशे अंगठे या खिडकीसमोर येणार होते.

"बसा," ते म्हणाले. "चहा मलाच करावा लागतो आता. बरा होतो तसा."

ते आत गेले. भांड्याचा आवाज आला. मी दारातल्या खुर्चीत बसलो. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. बोलणं सावकाश होतं, एकेक शब्द जुळवत.

"विद्यार्थी का यांचे?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं आलात. मधे कोणी येत नव्हतं." मग त्या स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड करून, आवाज चढवून म्हणाल्या, "अहो, हल्ली ते राँग नंबर येत नाहीत नाही? दिवसाला वीस-वीस यायचे. सारखे उठून बाहेर जायचात बिचारे."

आतला आवाज थांबला. मग कपबश्या मांडल्याचा आला.

"नाही येत आता," डॉक्टर म्हणाले. "लागला असेल त्यांना बरोबर नंबर."